बस चालली पाहिजे!

छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडी ही अशी जागा आहे की जेथे शहर बस येऊच शकत नाही, आणि म्हणूनच बसविषयी जितकी निर्मळ, निःपक्षपाती व अनुभवाच्या स्पर्शाने यत्किंचितही न डागाळलेली मते येथे ऐकावयास मिळतात, तितकी ती शहराच्या अन्य कोणत्याही भागात मिळत नाहीत. दुकानांच्या पायऱ्यांवर नव्या साड्या नेसवून उभ्या केलेल्या पुतळ्या, पायऱ्यांखाली त्या पुतळ्यांहूनही दाटीने उभ्या असलेल्या दुचाक्या, दुचाक्यांपुढे पेरूची हातगाडी, हातगाडीपुढे घासाघीस करणारी गिऱ्हाइके, आणि गिऱ्हाइकांच्या पुढे जी वीतभर मोकळी भूमी शिल्लक राहते, तिला सरकारी दफ्तरात रस्ता अशी संज्ञा आहे. एखादी बस वाट चुकून टिळक पथाने इकडे वळलीच, तर ती मच्छली खडकाच्या बाजूने बाहेर पडेपर्यंत तिच्या आरशांना दोन ओढण्या, टपाला महोत्सवी सवलतीचा एक फलक आणि दाराला निदान एक भाव न पटलेले गिऱ्हाईक लटकलेले आढळेल. हे सर्व जाणून बस बिचारी औरंगपुऱ्यापर्यंत येते आणि तेथूनच गुलमंडीला अदबीने कुर्निसात करून माघारी वळते.

गुलमंडीवर शेठजींच्या कापडाच्या दुकानाला लागून एक ओटा आहे, आणि सुपारी हनुमानाचे दर्शन आटोपून सायंकाळी त्या ओट्यावर जी मंडळी टेकतात, त्यांच्यावर शहराचा कारभार पाहण्याची जबाबदारी परिस्थितीनेच येऊन पडली आहे. २०२० च्या एप्रिल महिन्यात महापालिकेतील नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासकांची नियुक्ती झाली, आणि पुढे कित्येक वर्षे सर्वसाधारण सभा म्हणून भरली नाही. लोकशाहीतील ही उणीव आमच्या ओट्याने एक दिवसाचाही खंड न पाडता भरून काढली. अध्यक्षस्थानी अर्थातच शेठजी, कारण ओटा त्यांचा. उजव्या हाताला तहसील कचेरीतून सेवानिवृत्त झालेले पेशकारसाहेब, ज्यांना कोणताही प्रश्न निजामाच्या अमदानीपासून सुरू केल्याशिवाय समजत नाही. डाव्या हाताला गुरुजी, ज्यांना प्रश्न समजतो, परंतु उत्तर देण्याऐवजी ते आणखी एक प्रश्न विचारतात. समोर रस्त्यावर आपली रिक्षा अशा कोनात उभी करून, की तिच्यामुळे दोन्ही बाजूंची वाहतूक सारखीच अडावी, चाचा बसलेले असतात. आणि कोपऱ्यात वही घेऊन मी. कारण मला लिहिता येते असा एक गैरसमज गुलमंडीवर बऱ्याच वर्षांपासून रूढ आहे.

ओट्यापुढे आलेले प्रकरण असे होते. केंद्र सरकारचे स्मार्ट सिटी अभियान ३१ मार्च २०२५ रोजी समाप्त झाले, आणि त्या अभियानाच्या अंगाखांद्यावर वाढलेली शहर बस यापुढे कोणाच्या पदरी घालावयाची, तिच्या उत्पन्नाहून जो खर्च अधिक होतो तो कोणत्या तिजोरीतून भागवावयाचा, आणि नागरिकांच्या कराचा पैसा एका तुटीच्या व्यवहारात ओतणे हा शहाणपणा की उधळपट्टी, असा गहन प्रश्न शहरासमोर उभा राहिला. ओट्यावर या प्रश्नाचा निकाल पहिल्याच सायंकाळी एकमताने लागला. "बस चालली पाहिजे!" असे शेठजी म्हणाले, पेशकारसाहेबांनी अनुमोदन दिले, गुरुजींनी मान डोलावली, आणि ठराव मंजूर होताच शेठजी स्कूटरवर, पेशकारसाहेब चिरंजीवांच्या मोटारीतून, व गुरुजी नातवाच्या मोटारसायकलीच्या मागे बसून आपापल्या घरी रवाना झाले. माझी बसवरील निष्ठा तर सर्वांहून जाज्वल्य. ती इतकी पराकोटीची आहे की आपल्यामुळे बसमध्ये गर्दी होऊन खऱ्या गरजूंची गैरसोय होऊ नये, एवढ्यासाठी मी नेहमी रिक्षाने जातो.

दुसऱ्या सायंकाळी पेशकारसाहेबांनी प्रकरणाचा पूर्वेतिहास दाखल केला. "१९३२ चा जून महिना," ते म्हणाले, आणि हातातील चहा त्यांनी थंड होण्यासाठी बाजूला ठेवला, यावरून निवेदन किती चालेल याचा अंदाज सर्वांना आला. "हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वे महकम्याने सत्तावीस मोटारगाड्या रस्त्यावर आणल्या. खासगी नव्हे, सरकारी! मुंबईत बस धावू लागली ती १९२६ साली, आणि एस.टी. तर १९४८ साली पुण्याहून नगरला गेली. म्हणजे आपण एस.टी.च्या सोळा वर्षे पुढे!" मराठवाड्यातील मनुष्य पुण्याच्या पुढे असल्याचा पुरावा सापडला की त्याच्या मुद्रेवर जे तेज येते, ते पेशकारसाहेबांच्या मुद्रेवर विलसू लागले. "आणि त्या गाड्यांच्या क्रमांकात झेड हे अक्षर असे. निजामाच्या मातोश्री झेहरा बेगम यांच्या नावाचे आद्याक्षर, असे सांगतात. आता मला सांगा, धन्याच्या आईचे नाव ज्या गाडीवर आहे, ती तोट्यात चालते असे जमाखर्चाच्या वहीत लिहिण्याची कोणत्या कारकुनाची छाती होईल?"

हा उपाय सर्वांना एकदम पटला. शेठजींनी आपल्या मातोश्रींचे नाव तत्काळ सुचविले. मात्र त्याबदल्यात देणगी किती, असा प्रश्न गुरुजींनी विचारल्यामुळे तो विषय पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यात आला.

इतिहासाचा उर्वरित भाग पेशकारसाहेबांनी दुसऱ्या चहाबरोबर उरकला. संस्थान गेले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि गावाच्या आत-बाहेर एस.टी.ची लाल गाडी धावू लागली. १९८२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. चालू शतकाच्या पहिल्या दशकात महापालिकेने ठेकेदार नेमून स्वतःची बस काढून पाहिली. ती काही वर्षांतच थकली, आणि शहर पुन्हा एस.टी.च्या दारी जाऊन उभे राहिले. नंतर २०१९ च्या प्रारंभी स्मार्ट सिटीच्या पैशातून शंभर नव्या कोऱ्या गाड्यांची 'माझी बस' रस्त्यावर उतरली. तिला चालक-वाहक एस.टी.चे. वर्षभरात टाळेबंदी आली. ती उठून गाडी पुन्हा लयीत येते तोच २०२१ च्या उत्तरार्धात एस.टी. कामगारांचा संप आला, आणि गाड्या शहराच्या परंतु हात एस.टी.चे असल्यामुळे त्याही आगारात उभ्या राहिल्या. एकूण, या शहरात बस बंद पडण्याची परंपरा ही बस चालण्याच्या परंपरेइतकीच प्राचीन व सन्माननीय आहे, असा अभिप्राय मी वहीत नोंदवला.

तिसऱ्या बैठकीत शेठजींचे मन पालटले होते. मधल्या काळात कोणीतरी त्यांना तुटीचा आकडा सांगितला होता, आणि दुसऱ्याच्या तोट्याचा आकडा कानी पडला की व्यापाऱ्याच्या अंतःकरणात करुणेऐवजी तत्त्वज्ञान जागृत होते.

"तोट्याचा धंदा असेल तर शटर ओढावे," शेठजी म्हणाले. "मी तीस वर्षे दुकान चालवतो आहे. महापालिकेने मला कधी अनुदान दिले काय?"

"दिले की," गुरुजी म्हणाले. "तुमची स्कूटर कोठे उभी आहे?"

स्कूटर रस्त्यावर उभी होती. शेजारी शेठजींच्या नोकरांच्या दुचाक्या, गिऱ्हाइकांच्या दुचाक्या, आणि पायरीवर न मावल्यामुळे रस्त्यावर उतरलेल्या दोन पुतळ्या होत्या.

"आता असे पाहा," गुरुजींनी शाळेतील जुना सूर लावला, "या रस्त्याने गेल्या वर्षी किती नफा कमावला?"

"रस्ता कसा नफा कमावील?"

"आणि हा खांबावरचा दिवा?"

"दिव्याचे काय विचारता, गुरुजी! तो लागतो हाच नफा."

"मग रस्ता तोट्यात, दिवा तोट्यात, ड्रेनेज तोट्यात, बाग तोट्यात. एकट्या बसचाच हिशेब पै-पैचा का? कारण तिच्यात पिशवी अडकवून एक मनुष्य तिकीट फाडीत उभा असतो! रस्त्याला वाहक नाही, म्हणून रस्त्याची तूट कोणाला दिसत नाही."

या युक्तिवादाने शेठजी क्षणभर इतके प्रभावित झाले, की रस्त्यालाही वाहक नेमावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून, विशेषतः वाहने उभी करणाऱ्यांकडून, तिकीट घ्यावे, असा ठराव त्यांनी स्वतःच मांडला. तो मी शब्दशः लिहून घेत असताना त्यांची दृष्टी पुन्हा स्वतःच्या स्कूटरकडे गेली, आणि ठराव मांडणाऱ्यानेच तो मागे घेतल्याची नोंद त्याच ओळीत करावी लागली.

वस्तुतः या वादात प्रत्यक्ष बसमध्ये बसलेल्या एखाद्या साक्षीदाराची जबानी घेणे अगत्याचे होते, आणि असा साक्षीदार ओट्यावर एकही नसल्यामुळे ती कामगिरी एकमताने माझ्यावर सोपविण्यात आली. औरंगपुऱ्याहून क्रांती चौकापर्यंत जावयाचे, असे ठरले. हे अंतर धडधाकट मनुष्य गप्पा मारीत पायी जाऊ शकतो. परंतु मी डोक्याला टोपी, खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली व दोन केळी अशी सिद्धता केली. ती पाहून पत्नीने, "परत कधी येणार?" असे जेव्हा विचारले तेव्हा तिच्या स्वरात जी काळजी होती, तिच्यामुळे मला क्षणभर आपण लेहला निघालो आहोत असे वाटले.

थांब्यावर पोहोचताच मी क्रांती चौकाची बस कोणती याची चौकशी केली, आणि आपल्या शहरातील नागरिकांचा परोपकारी स्वभाव माझ्या नडीला आला. ठाऊक नाही असे सांगणे हा आमच्याकडे उद्धटपणा समजला जातो. त्यामुळे एका गृहस्थांनी मला रस्त्याच्या पलीकडे पाठविले, पलीकडच्या ताईंनी अलीकडे पाठविले, एका विद्यार्थ्याने मोबाईलवर पाहून मी उभा होतो तीच जागा बरोबर असल्याचे सांगितले, आणि एक रिक्षावाला, "चाचा, बस का क्या करते, बैठो ना," असे म्हणून माझी पिशवी घेऊन निम्म्या वाटेने गेलासुद्धा. पिशवी सोडवून मी परत येतो तो बस समोरच उभी. आत चढलो, आणि पाचशेची नोट वाहकापुढे धरली.

वाहकाने नोटेकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. "काका, पहिल्यांदाच?"

"छे, छे! मी बसचा जुना पुरस्कर्ता आहे," मी म्हणालो.

"पुरस्कर्ते सुट्टे ठेवत नसतात," असे म्हणून तो पुढे सरकला. मागच्या आसनावरील एका मुलीने मोबाईलवरून माझ्या तिकिटाचे पैसे परस्पर भरून टाकले, आणि त्या क्षणी माझ्या आयुष्यातील पहिले सार्वजनिक अनुदान मला प्राप्त झाले. सुट्टे मिळवून तिला परत करण्याच्या प्रयत्नात मी सर्व प्रवाशांसमोर पिशवीतील केळी बाहेर काढली, बाटली एका सद्गृहस्थाच्या पायावर पाडली, आणि शेवटी त्याच सद्गृहस्थाने सुट्टे दिले.

बसायला जागा नव्हतीच. खांबाला धरून उभे राहता राहता मी शेजारच्या मावशींना, ज्या सिडकोत चार घरची धुणीभांडी करावयास निघाल्या होत्या, अत्यंत सौम्य शब्दांत सांगितले, की आपण ज्या बसमध्ये प्रवास करीत आहोत ती तोट्यात आहे.

"तोटा? कुठाय?" मावशींनी मान वळवून साऱ्या बसभर तोटा शोधला. "हितं पाय ठेवायला जागा न्हाई, अन् तोटा म्हणायलेत!"

मी त्यांना भारमान समजावून सांगितले. सकाळी व सायंकाळी गाडी भरते, परंतु दुपारच्या फेऱ्यांना निम्मी आसने रिकामी जातात, डिझेल मात्र तेवढेच जळते; तेव्हा दुपारच्या फेऱ्या बंद कराव्यात असे एक मत आहे, असे मी म्हणालो. हे मत शेठजींचे होते, पण ते मी तज्ज्ञांचे म्हणून सांगितले.

"बरं," मावशी म्हणाल्या. "मी आता जायले. काम उरकून दोन वाजता घरी यायची. दोनची गाडी बंद केली तर मी येऊ कशी?"

"रिक्षाने..."

"रिक्षात पैशे घातले तर धुण्याचं काय उरलं? मग मी कामालाच जाणार न्हाई. मंग तुमची सकाळची गाडीबी मोकळीच."

मोकळ्या धावणाऱ्या दुपारच्या गाडीच्या जिवावर सकाळची गाडी भरते, हा सिद्धांत मी कोणत्याही अहवालात वाचलेला नव्हता. तो नीट टिपून घ्यावा म्हणून मी वही काढली, प्रतिप्रश्न विचारले, आसपासच्या आणखी चौघांनी त्या चर्चेत भाग घेतला, चिकलठाण्याच्या कारखान्यात जाणाऱ्या एका तरुणाने महापालिकेचे संपूर्ण अंदाजपत्रक तोंडी मांडून दाखविले, आणि वाहकाने "सिडको, सिडको!" अशी आरोळी ठोकली, तेव्हा क्रांती चौक व त्यातील शिवरायांचा उंच अश्वारूढ पुतळा केव्हाच मागे पडल्याचे माझ्या ध्यानात आले. इतका मोठा पुतळा ज्याला बसच्या खिडकीतून दिसला नाही, त्याच्या जबानीला किती किंमत द्यावयाची, असा शेरा पेशकारसाहेबांनी पुढे माझ्या अहवालावर मारला.

अहवाल सादर झाला त्या सायंकाळी ओट्यावर विश्वदर्शन घडले. गुरुजींनी सांगितले, की पुण्यात पीएमपीएमएलची तूट पुणे महापालिका साठ टक्के आणि पिंपरी-चिंचवड चाळीस टक्के या प्रमाणात सोसते. मुंबईत बेस्टच्या बसचा तोटा कित्येक वर्षे तिच्याच वीजपुरवठ्याच्या नफ्यातून भरून काढला जात असे, म्हणजे कुलाब्याचा दिवा जळे आणि सायनची बस धावे. आणि लक्झेंबर्ग या देशात तर २०२० पासून बस, ट्राम व आगगाडीच्या दुसऱ्या वर्गाला तिकीटच ठेवलेले नाही.

"हे लक्झेंबर्ग कोठे आले?" शेठजींनी विचारले. "पडेगावच्या पुढे?"

"युरोपात."

"मग ठीक आहे. तिकडे नळाला रोज पाणी येत असेल." आपल्याकडे नळाचे पाणी अनेक दिवसांच्या अंतराने येते, आणि ज्या शहराची अर्धी बुद्धी पाणी कधी सुटणार या चिंतेत खर्च होते त्याने बस कधी सुटणार याचीही चिंता करावी काय, हा शेठजींच्या बोलण्याचा मथितार्थ होता. परंतु याच वेळी त्यांचे एक जुने गिऱ्हाईक, लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी आलेले संपूर्ण कुटुंब, गाडी उभी करावयास जागा न मिळाल्याने ओट्यासमोरून तीन वेळा गेले आणि चौथ्या खेपेस दिसले नाही. शेठजींनी त्या दिशेने बराच वेळ पाहिले, आणि गिऱ्हाइकांनी बसने औरंगपुऱ्यास उतरून गुलमंडीवर पायी येणे हे शहराच्या आरोग्यास किती हितावह आहे, यावर त्यांनी इतके हृदयस्पर्शी विवेचन केले, की बसच्या अनुदानाचा प्रश्न तेथेच निकालात निघाला. नोकरांनीही बसनेच यावे असे त्यांचे मत पडले. ते स्वतः मात्र स्कूटरनेच येणार होते, कारण दुकानाच्या किल्ल्या त्यांच्यापाशी असतात.

तेव्हा महापालिकेस द्यावयाच्या अर्जाचा मसुदा मी त्याच बैठकीत लिहून काढला. कलम १ : शहर बससेवा कोणत्याही परिस्थितीत बंद पडू नये. कलम २ : तिची तूट महापालिकेने भरून काढावी; मात्र त्याकरिता मालमत्ता कर, पाणीपट्टी अथवा तिकीट यांपैकी काहीही वाढवू नये. कलम ३ : बस दर पाच मिनिटांनी सुटावी, पण रस्त्यावर बसची गर्दी होऊ नये. कलम ४ : थांबा प्रत्येकाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असावा, पण कोणाच्याही घरासमोर नसावा. कलम ५ : दुपारच्या फेऱ्या चालू ठेवाव्यात, हे कलम मावशींच्या वतीने मी घातले आणि ते कोणी वाचले नाही, म्हणून मंजूर झाले. कलम ६ : बसने प्रवास करण्याविषयी नागरिकांत जागृती करावी. या कलमातील नागरिक म्हणजे अर्जदारही काय, अशी शंका पेशकारसाहेबांनी काढली. तेव्हा "अर्जदार वगळून सर्व" असा खुलासा समासात करण्यात आला.

सह्या झाल्या, आणि अर्ज महापालिकेत नेऊन देण्याचा प्रश्न उद्भवला. दुसऱ्या दिवशी शेठजींचा माल येणार होता, पेशकारसाहेबांचा गुडघा दुखणार होता, गुरुजींना प्रश्न पडणार होता, आणि मी नुकताच सिडकोपर्यंत जाऊन आलो होतो. आतापर्यंत एक शब्दही न बोललेले चाचा उठले. ज्यांची गिऱ्हाइके या बसने पळविली, ते चाचा! "लाओ, मैं डाल देता," ते म्हणाले. शेठजींनी भाड्याचा विषय काढताच त्यांनी हात हलवला. "पैसे नको. मेरी लडकी उसी बस से कॉलेज जाती."

शहर बससेवेला गुलमंडीने दिलेले पहिले व आजतागायतचे एकमेव अनुदान ते हे. रिक्षावाल्याने, स्वतःच्या पेट्रोलातून, विनाअट दिलेले. आम्ही सर्वजण काही क्षण गहिवरलो. मग शेठजी म्हणाले, त्यांची स्कूटर दुसऱ्या दुचाक्यांत अडकलीच आहे, तेव्हा चाचा आता निघालेच आहेत तर त्यांना जाता जाता दलालवाडीला सोडता येईल काय? पेशकारसाहेबांनी समर्थनगर वाटेवरच असल्याचे निदर्शनास आणले. गुरुजी काही न विचारता बसले. मी चाचांच्या शेजारी अर्धे आसन मिळविले, आणि शंभर टक्क्यांहून बरेच अधिक भारमान घेऊन ते वाहन गुलमंडीतून हलले, ते कोणत्याही तुटीशिवाय. कारण भाडे कोणीच देणार नव्हते.